पुढच्या काचेचं रबर

माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. त्यांतली सव्वीस वर्षं माझे सासरे माझ्याशी एक शब्दही थेट बोलले नव्हते. भांडण नव्हतं. उलट माझ्या हातचा चहा पोटात गेल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. पण सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, तिच्या तोंडाकडं बघायचं नाही, आणि सुनेनं पदर सावरून बाजूनं निघून जायचं, हा आमच्याकडचा जुना रिवाज. बाकीच्या घरांतून तो कधीच उठला. आमच्याकडं टिकला, कारण मामंजी रिवाजाचे पक्के आणि मी हट्टी. ते बोलत नाहीत तर मी कशाला आधी बोलू, असं मी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

मधे आत्या असायच्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मामंजी ओट्यावर बसून म्हणायचे, "तिला म्हणावं, आज भाजीला मीठ न्हाई." मी दोन हातांवर चुलीपाशी. ऐकू सगळं येतंय. तरी आत्या माझ्याकडं वळून सांगणार, "भाजीला मीठ न्हाई म्हणतेत." मग मी म्हणायची, "त्यांना म्हणावं, डॉक्टरनीच कमी करायला सांगितलंय." आणि आत्या परत तिकडं वळणार. सांगता सांगता त्यात पदरचे चार शब्द घालणार. शाळेत मी दिवसभर घसा कोरडा होईपर्यंत बोलते, जिल्हा परिषदेची मास्तरीण आहे मी. पण घरात माझं अर्धं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून व्हायचं.

माझे वडील गेले तेव्हा मी माहेरी जायला निघाले होते. मामंजी दाराबाहेर पाठमोरे उभे होते. ते आत्यांना म्हणाले, "तिला म्हणावं, मी हाय." एवढंच. आत्यांनी ते मला सांगितलं आणि त्या स्वतःच रडायला लागल्या. मला तेव्हा फार वाटलं, की हे एक वाक्य तरी त्यांनी वळून मला सांगायला हवं होतं. ते वाटणं पुढं कमी झालं, पण गेलं नाही.

आता गाडीचं सांगते. मामंजी तीस वर्षं तालुक्यातल्या एका पुढाऱ्याकडं ड्रायव्हर होते. पुढाऱ्यानं उंच, काळ्या काचांची गाडी घेतली, तेव्हा जुनी पांढरी अँबॅसिडर मामंजींनी ठेवून घेतली. दारातल्या कडुलिंबाखाली ती उभी असायची आणि तिच्यावर आमच्या कोणाच्याही अंगावर नव्हता एवढा स्वच्छ कपडा रोज फिरायचा. वयानं मामंजींची नजर कमी झाली तसं त्यांनी आपण होऊन स्टेअरिंग सोडलं. माझे पती नोकरीला पुण्यात. एक दिवस भर दुपारी आत्यांची साखर एकदम उतरली, त्या ओट्यावरच कोसळल्या, आणि दारात गाडी असून ती चालवायला कोणी नव्हतं. शेजारच्यांची जीप मिळाली म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी आत्या जरा बऱ्या झाल्या तशी मामंजींनी त्यांच्यापाशी निरोप ठेवला, "तिला म्हणावं, गाडी शिक."

आमची शिकवणी बाजारतळावर चालायची. मी स्टेअरिंगवर, शेजारी आत्या, आणि मामंजी मागच्या सीटवर, खिडकीबाहेर तोंड करून. "क्लच दाबाय सांग." "क्लच दाब म्हणतेत." "दुसरा टाकाय सांग." "दुसरा टाक म्हणतेत." आत्यांना क्लच कशाशी खातात तेही माहीत नव्हतं, पण निरोप मात्र चोख. तिसऱ्या दिवशी समोर एक म्हैस आली. मामंजी म्हणाले, "ब्रेक!" आत्या म्हणाल्या, "ब्रेक म्हणतेत गं." तोवर मी म्हैस चुकवून कडब्याच्या गंजीत शिरले होते. तिघांच्याही डोक्यात कडबा. मामंजी खिडकीबाहेरच बघत म्हणाले, "तिला म्हणावं, वळवली चांगली."

तेव्हापासून ती गाडी माझी झाली. कागदावर त्यांची, पण चालवायची मी. माझी शाळा आमच्या शिरूर कासारपासून अठरा किलोमीटरवर एका वस्तीवर आहे. एसटी एकच, तीही शाळा भरून गेल्यावर पोचणारी. त्याआधी मी वडापच्या जीपमध्ये चौदाव्या माणसाच्या मांडीला मांडी लावून जात होते आणि परत यायला कोणी भेटेल का म्हणून रस्त्यावर उभी राहत होते. गाडी आल्यावर मी माझ्या वेळेला निघायची, माझ्या वेळेला यायची. वाटेत ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागं आज्यापाशी राहिलेल्या दोन मुली उभ्या असायच्या, त्यांना घ्यायची. पन्नाशीच्या बाईला स्वतःच्या वेळेची मालकीण होण्यात काय सुख असतं, ते मी कोणाला समजावायला जात नाही.

आणि मग ती गळायला लागली. पुढच्या काचेभोवतीचं रबर दगडासारखं झालं होतं, त्याला भेगा पडल्या होत्या. आमचा भाग कोरडा, म्हणून किती तरी वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नाही. मामंजींनी मात्र गुपचूप वरून इलाज केले होते: आधी डांबर, मग खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी, मग सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, शेवटी पांढरं सिमेंट. गेल्या सप्टेंबरात मी शाळेतून येताना पाऊस कोसळला. काचेच्या डाव्या कोपऱ्यातून धार लागली ती थेट डॅशबोर्डखालच्या वायरींवर. दिवे गेले, वायपर काचेच्या मधोमध उभे राहिले, मग इंजिनही बंद पडलं. मी दोन मैल चिखलातून चालत घरी आले.

वायरिंग दुरुस्त झालं, पण गळती राहिली. पायाखालचा पत्रा गंजायला लागला. जूनमध्ये बीडला गाडीचं पासिंग होतं आणि गळकी, गंजकी गाडी कोण पास करणार? एप्रिलच्या अखेरीला पतींचा फोन आला. "नगरला एक भंगारवाला आहे, जुन्या गाड्या घेतो. पुढच्या रविवारी मी त्याला घेऊनच येतो. तुला आपण स्कूटर घेऊ." मी म्हणाले, दादांना विचारा. दादा म्हणजे मामंजी. त्यांनी फोन कानाला न लावताच आत्यांना सांगितलं, "म्हणावं, आणू दे. गाडी थकली आता."

मला इतका राग आला, की हातातलं ताट मी ओट्यावर आपटलं. गाडी थकली नव्हती. रबर थकलं होतं. मी आत्यांना म्हणाले, आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "त्यांना म्हणावं, रविवारपर्यंत ही गाडी कोणी कोणाला द्यायची नाही. काचेचं रबर मी बदलते. पाणी टाकून बघू. एक थेंब जरी आत आला, तर मी स्वतः तिला ढकलत भंगारवाल्याच्या ट्रकवर चढवीन." आत्यांनी हे सगळं सांगायला तोंड उघडलं, तर मामंजी म्हणाले, "ऐकलं."

दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन बीडला गेले. काचवाल्यानं बोटानं सिमेंट खरवडलं आणि हसला. "म्याडम, काढाय काढतो की. पण काच फुटली तर माझ्या गळ्यात नको. ही काच आता मिळत न्हाई. काच गेली का गाडी गेली." असं दोघा-तिघांनी सांगितलं. कोणी हात लावायला तयार नाही. नवं रबर तेवढं नगरला मिळेल म्हणाले. मग मी तशीच नगर गाठलं, जुन्या सामानाच्या दुकानातून रबराचं वेटोळं आणलं, आणि ठरवलं की काच फुटायचीच असेल तर ती माझ्या हातून फुटेल.

मोबाइलवर मी चार-पाच व्हिडिओ बघितले. रीत तशी सोपी दिसत होती. रबराला दोन खोबणी असतात, एकीत काच बसते, दुसरीत गाडीच्या पत्र्याची कड. रबर आधी काचेला चढवायचं. दुसऱ्या खोबणीत गोल फिरवून एक दोरी घालायची, तिची टोकं गाडीच्या आत सोडायची. एकानं बाहेरून काच दाबून धरायची, दुसऱ्यानं आत बसून दोरी ओढायची. दोरी जसजशी निघते तसतशी रबराची पाळी पत्र्याच्या कडेवर चढते. माणसं दोन लागतात, एवढीच काय ती अट. एक बाहेर, एक आत.

सकाळी उठून बघते तर मामंजी आधीच गाडीपाशी. हातात चाकू, आणि स्वतःच लावलेलं सिमेंट खरवडून काढतायत. चेहरा असा, की चोरी पकडली गेलीय. मी दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. आम्ही दोघं बॉनेटच्या दोन अंगांनी दिवसभर खरवडत होतो, एकमेकांकडं न बघता. सिमेंटच्या खाली ट्यूब, ट्यूबखाली लांबी, लांबीखाली डांबर, डांबराखाली वाळकं रबर. रबर कापून निघालं, आणि काच अलगद सुटी झाली. ती आम्ही आत्यांच्या पलंगावर दोन गोधड्यांच्या मधे निजवली. त्या रात्रीपासून आत्या खाली झोपल्या. "माझ्यापरीस तिचे लाड जास्ती झाले," म्हणाल्या.

पत्र्याच्या कडेला गंज होता. पॉलिश पेपरनं घासून घासून माझ्या बोटांची सालं निघाली. मग लाल रंगाचा हात दिला आणि दोन दिवस वाळू दिला. मधल्या वेळात नवं रबर पत्र्याच्या छपरावर उन्हात ठेवलं, मऊ व्हावं म्हणून. मे महिन्याचं आमच्याकडचं ऊन. रबर वाकवलं तसं वाकायला लागलं. दोरी कुठली घ्यायची हा प्रश्न होता. सुतळी ओली झाली की फुगते, म्हणून मी आत्यांची कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडली. त्यावरून जरा ऐकून घ्यावं लागलं. आत्यांना सगळ्यावर करडईचं तेल लावायचं असतं, बिजागरीपासून गुडघ्यापर्यंत. वाटी घेऊन त्या रबराला तेल लावायला आल्याच. मामंजी ओट्यावरून म्हणाले, "तेलानं रबर फुगतंय. साबणाचं पाणी घ्याय सांग." आत्या तेलाची वाटी हातात धरून मला म्हणाल्या, "तेल नको म्हणतेत. साबण म्हणतेत." स्वतःलाच मिळालेला हुकूम त्यांनी मला सांगितला.

शुक्रवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, काच बसवायला घेतली. काचेला रबर चढवलं, खोबणीत दोरी भरली, साबणाचं पाणी फासलं. मी आत बसले, ड्रायव्हरच्या सीटवर, शेजारी पाळी उचलायला चमचा आणि साबणाच्या पाण्याची वाटी. मामंजींनी आणि आत्यांनी बाहेरून काच उचलून जागेवर टेकवली. मग मामंजींनी दोन्ही तळवे काचेला लावले आणि आत्या डाव्या दारापाशी उभ्या राहिल्या, नेहमीच्या कामाला.

"ओढाय सांग." "ओढ म्हणतेत." मी ओढलं. खालच्या मधल्या भागात पाळी टपकन पत्र्यावर चढली. मला इतका आनंद झाला, की वाटलं आता तासाभरात चहा. "थांबाय सांग." "थांब म्हणतेत." पण तोवर मी चार बोटं पुढं गेलेली असायची. मामंजींचा तळवा मागं, दोरी पुढं. दाब जिथं हवा तिथं नाही. बाजारतळावरच्या कडब्याची मला आठवण झाली, पण गंजी मऊ होती, आणि इथं काच.

खालची बाजू अशीतशी बसली. डाव्या कोपऱ्याला वळण घ्यायचं होतं, तिथंच रस्त्यावर भोंगा वाजला. टँकर. आमच्याकडं टँकर दोन दिवसांआड येतो आणि थांबतो तो जेमतेम. टँकरचा भोंगा ऐकला की आत्यांचे पाय त्यांचं ऐकत नाहीत. "आले!" म्हणाल्या, आणि दोन घागरी घेऊन निघूनही गेल्या.

राहिलो आम्ही दोघं. मी आत, दोरीचं टोक ताणून धरलेलं. सोडलं तर चढलेली पाळी उलटी निघाली असती. मामंजी बाहेर, तळवे काचेवर. त्यांनी हात काढला असता तर काच घसरून बॉनेटवर आली असती. आमच्या दोघांत हातभर अंतर आणि मधे काच. मी मान खाली घातली. मामंजींनी मान वळवून लिंबाकडं तोंड केलं.

टँकरपाशी भांडणं ऐकू येत होती, म्हणजे आत्या लवकर येणार नव्हत्या. ऊन बॉनेटवर आलं. मामंजींचे दंड थरथरायला लागले. ऐंशीच्या घरातला माणूस तो. शेवटी त्यांनी लिंबाखाली बांधलेल्या शेळीला सांगितलं, "आता हळूहळू ओढाय पायजे." शेळीनं मान वर केली. मी स्टेअरिंगला सांगितलं, "ओढते." आज हे लिहिताना मला हसू येतंय. तेव्हा आलं नाही.

मी ओढायला लागले. दोरी कोपऱ्यात आली आणि जड झाली. वाटलं, वळण आहे, जड होणारच. मी दोन्ही हातांनी ताणली. मामंजी दाबत होते, पण त्यांचं तोंड शेळीकडं. काचेच्या पलीकडं सून बसलेली, तिच्या तोंडाकडं बघायचं नाही, म्हणून त्यांनी काचेकडंच बघायचं सोडलं होतं. तीस वर्षं ज्यानं रस्त्यावरची नजर हलवली नाही, तो माणूस हातातल्या कामाकडं पाठ करून उभा होता. आणि मीही मान खाली घालून ओढत होते. कोपऱ्यात रबराची पाळी आत दुमडून अडकली होती, हे बाहेरच्यानं बघितलं नाही आणि आतलीनंही नाही.

काच करकरली. बारीकच आवाज होता. या जातीच्या काचेला तडा जात नाही, तिची एकदम खडीसाखर होते. आणखी एक बोट दोरी ओढली असती तर संपलं होतं. शाळा, ती वेळ, रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या पोरी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आणि त्याच्याबरोबर सव्वीस वर्षांचा राग आला, खरं सांगते. मी ओरडले, वर्गात ओरडते तशी.

"मामंजी, इकडं बघा! कोपरा बघा! माझ्याकडं बघू नका हवं तर, पण काचेकडं बघा!"

ते वळले. काचेच्या पलीकडून त्यांनी आधी कोपरा बघितला नाही, माझ्याकडं बघितलं. मीही त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या एका डोळ्यात मोतिबिंदूचा ढग होता आणि भुवया पार पांढऱ्या झाल्या होत्या. सव्वीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं. मग त्यांची नजर कोपऱ्यावर गेली, आणि त्यांच्यातला ड्रायव्हर जागा झाला.

"थांब!" ते म्हणाले. "सोड दोरी. सगळी न्हाई, दोन बोटं. हां. आता चमचा घे. चमच्याच्या दांडीनं पाळी उचल. तिथं न्हाई, त्याच्या खाली. दिसलं का?"

"दिसलं."

"साबण लाव. लई लाव. आता मी मारतो तसं ओढ. मी मारल्याबिगर ओढू नको."

त्यांनी तळव्यानं काचेच्या कडेवर हलकी थाप मारली. मी एक बोट ओढली. थाप. ओढ. थाप. ओढ. कोपरा वळला. मधे कोणी नव्हतं म्हणून निरोपाला वेळ लागत नव्हता. त्यांचा हात जिथं, तिथंच माझी दोरी. डावी बाजू चढली, वरची चढली. "शाबास, ओढ." "जरा खाली दाबा, मामंजी." "दाबलं. ओढ." उजव्या कोपऱ्याला त्यांनी आधीच सांगितलं, "इथं सावकाश. हा बी तसाच वंगाळ हाय." शेवटी दोरीचं टोक सुटून माझ्या मांडीवर पडलं. काच बसली होती. साबणानं माझे हात इतके बुळबुळीत झाले होते, की दाराची कडी उघडेना. मामंजींनी बाहेरून उघडली आणि लगेच पाठ फिरवून ओट्याकडं गेले.

आत्या घागरी घेऊन आल्या तेव्हा सगळं आवरलं होतं. "आँ? बसली? कोण सांगत होतं तुमाला?" मामंजी पाणी पीत होते. ते म्हणाले, "तिला म्हणावं, चहा टाक."

मला वाटलं होतं आता बदलेल. एवढं झाल्यावर तरी बदलेल. चहा टाकताना मला रडूच आलं, लाज वाटली तरी आलं. आत्यांनी विचारलं, कावून रडतीस, काच तर बसली. मी म्हणाले, साबण गेला डोळ्यांत.

शनिवारचा दिवस रबर नीट बसायला सोडला. रविवारी दुपारी पती यायचे होते, भंगारवाल्याला घेऊन. म्हणून सकाळीच पाण्याची परीक्षा. आणि पाणी आणायचं कुठून? टँकरचं पाणी काचेवर ओतायचं म्हटल्यावर आत्या घागरीपुढं आडव्याच उभ्या राहिल्या. "माणसाला प्याला न्हाई, आन् गाडीला आंघोळ?" त्यांचंही बरोबर होतं. मग मी तोड काढली. सगळ्यांनी कपडे धुवायचे, ते धुण्याचं पाणी टपात साठवायचं, आणि गाडी ढकलत लिंबोणीच्या आळ्यापाशी न्यायची, म्हणजे काचेवरून ओघळलेलं पाणी झाडाला मिळेल. शेजारच्या काकूंना कळलं, त्यांनी त्यांच्याकडचं धुण्याचं पाणी आणलं. बघता बघता सात-आठ बादल्या झाल्या. गावात एवढ्या गढूळ पाण्याचा एवढा मान कधी झाला नसेल.

मामंजी आत बसले, ड्रायव्हरच्या सीटवर, कित्येक वर्षांनी. डॅशबोर्डवर त्यांनी कालचं वर्तमानपत्र पसरलं. थेंब पडला तर कागदावर डाग दिसेल. काचा वर केल्या. आत्या दारापाशी आपल्या जागेवर उभ्या राहिल्या. मी स्टुलावर चढले आणि ओतायला लागले.

पहिली बादली, दुसरी, तिसरी. साबणाचं पाणी काचेवरून ओघळत होतं, आत मला मामंजींचा नुसता पांढरा शर्ट दिसत होता. चौथी बादली मी मुद्दाम त्या डाव्या कोपऱ्यावर ओतली, सावकाश, सगळी. पाचवी, सहावी तिथंच. माझा पदर, माझे पाय सगळं चिंब. सातवी रिकामी झाल्यावर मी स्टुलावरून उतरले आणि आत्यांना म्हणाले, "त्यांना विचारा, आलं का पाणी."

आत्यांनी दाराच्या काचेवर टिचकी मारली. "आवं, आलं का पाणी, विचारती ती."

मामंजींनी त्यांच्याकडं बघितलं नाही. ते उजवीकडचं दार उघडून उतरले, सगळ्या गाडीला वळसा घालून माझ्यापुढं येऊन उभे राहिले. हातात ते वर्तमानपत्र होतं. ते त्यांनी माझ्यापुढं धरलं, दोन्ही हातांनी.

"बघ," ते मला म्हणाले. "कोरडं हाय."

मी कागदावरून हात फिरवला. कोरडा खडखडीत होता. मी म्हणाले, "कोपऱ्यात बघितलं का?"

"तिथंच हात धरून बसलतो," मामंजी म्हणाले. "आता त्याला फोन लाव. म्हणावं, त्या माणसाला आणू नको. गाडी दारातच राहनार हाय."

आत्या आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होत्या. मग त्यांनी रिकामी बादली उचलली. "आन् मी कशापायी उभी हाय मग इथं?" म्हणाल्या, आणि धुणं वाळत घालायला निघाल्या. दोन पावलं गेल्यावर वळून म्हणाल्या, "माझी दोरी द्या आता."

मी ओल्या हातानंच फोन लावला. पती गाडीत होते, रस्त्यावरचा आवाज येत होता. मी सांगितलं, "मामंजी म्हणतायत, भंगारवाल्याला आणू नका. गाडी द्यायची नाही."

"आई कुठंय?" त्यांनी विचारलं.

"धुणं वाळत घालतायत."

"मग दादा म्हणाले हे तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच."

"कोणाला सांगितलं त्यांनी?"

मामंजी लिंबोणीपाशी वाकून आळ्यातली माती सारखी करत होते. मी त्यांच्याकडं बघत म्हणाले, "मला."